साखर, स्वादुपिंड आणि मधल्या काळात विसरलेला मेंदू

हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला छोटासा भाग, इन्सुलिनवर आणि चयापचयावर ताबा ठेवतो, असं अलीकडे सारखं वाचायला मिळतं. जणू काही हा गेल्या दहा-वीस वर्षांतला शोध आहे. खरं तर मधुमेहाचा धागा स्वादुपिंडाच्या आधी मेंदूशी जुळला होता.

१८४९ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या मागच्या भागात, चौथ्या पोकळीच्या तळाशी सुई टोचली. थोड्याच वेळात सशाच्या लघवीत साखर उतरली. ती जागा हायपोथॅलॅमसची नव्हती, पण मेंदूच्या हुकमावरून यकृत साखर सोडतं ही कल्पना तिथूनच निघाली. हा हुकूम मेंदूतून पोटातल्या अवयवांकडे जाणाऱ्या व्हेगस नसेतून जात असावा, असा बर्नार यांचा अंदाज होता. तो चुकला. व्हेगस कापली तरी साखर येतच राहिली, मज्जारज्जू कापल्यावर मात्र थांबली.

पुढे १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ साली टोरांटोत स्वादुपिंडात बनणारं इन्सुलिन हाती आलं. मरणाच्या दारातली मुलं उठून बसू लागल्यावर सशाच्या सुईची आठवण कोण ठेवणार? दोष कुणालाच देता येत नाही, पण मेंदूचा विषय काही दशकं अडगळीत पडला तो असा.

तो परत आला लठ्ठपणाच्या वाटेने. १९०१ साली व्हिएन्नात फ्रोलिश यांनी मेंदूखाली लटकणाऱ्या पियूषिका ग्रंथीत गाठ असलेल्या एका लठ्ठ मुलाची नोंद केली होती. दोष ग्रंथीचा की तिच्या वरच्या मेंदूचा, हा वाद बरीच वर्षं चालला. १९४० साली शिकागोत हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी पियूषिकेला हात न लावता उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधला नेमका ठिपका विजेने जाळला. उंदीर बेसुमार फुगले. मग १९५१ साली येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि ब्रोबेक यांनी दोन्ही बाजूंचा, थोडा बाहेरचा भाग नष्ट केला, तर उंदरांनी समोरच्या अन्नाला तोंडच लावलं नाही. आनंद नंतर दिल्लीच्या एम्समध्ये आले. तिथे छिना आणि सिंग यांच्यासोबत रक्तातली साखर बदलली की हायपोथॅलॅमसमधल्या भूक आणि तृप्तीच्या या भागांतल्या पेशींची विद्युत हालचाल कशी बदलते, हे त्यांनी १९६२ साली दाखवलं. आपल्याकडे हे नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही.

सगळ्यांत अंगावर येणारा प्रयोग हर्वी यांचा, १९५९ सालचा. दोन उंदीर कुशीला कुशी लावून शिवलेले, एकाचं रक्त दुसऱ्यात थोडंथोडं झिरपणारं. एकाच्या हायपोथॅलॅमसला इजा केली. तो खात सुटला आणि लठ्ठ झाला. पण ज्याच्या मेंदूला धक्काही लागला नव्हता, तो शेजारी खाणं टाकून वाळत गेला. म्हणजे लठ्ठाच्या रक्तातून ‘पुरे’ असा निरोप येत होता, आणि तो ऐकायला धड मेंदू फक्त शेजाऱ्याकडे होता. हा निरोप म्हणजे काय, ते १९९४ साली लेप्टिन हे चरबीतून सुटणारं संप्रेरक सापडल्यावर उमगलं.

मग इन्सुलिनचं काय? इजा झालेल्या उंदरांना मोजूनमापून खायला दिलं तरी त्यांच्या अंगावर चरबी चढत होती आणि रक्तात इन्सुलिन जास्त दिसत होतं. ‘खातो म्हणून लठ्ठ’ एवढ्यावर भागेना. १९७४ साली पॉवली आणि ओप्साल यांनी पोटाकडे जाणारी व्हेगस कापली, तेव्हा हा लठ्ठपणा ओसरला. जिच्याबद्दल बर्नार यांचा अंदाज चुकला होता, ती नस इथे वेगळ्याच कामावर भेटली, ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेत होती.

उलट दिशाही दिसली. १९७८ साली उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचे ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशींवरचे रेणू, सापडले. पुढच्याच वर्षी बबून माकडांच्या मेंदूतल्या द्रवात इन्सुलिन सोडल्यावर त्यांचं खाणं आणि वजन दोन्ही घटलं. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये रोसेट्टी यांच्या गटाने दाखवलं, की उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये इन्सुलिनचा संदेश अडवला तर रक्तातलं इन्सुलिन यकृतातून सुटणारी साखर पुरती आवरू शकत नाही.

वाद इथे मिटला नाही. कुत्र्यांवर हेच तपासलं तेव्हा मेंदूचा परिणाम दिसला खरा, पण तो काही तासांनी, आणि यकृतावर थेट पोचणाऱ्या इन्सुलिनपुढे फिका. त्यामुळे अशी बातमी वाचताना प्रयोग कुठल्या प्राण्यावर झाला, ते मी आधी पाहतो.