गाडीच्या डेकमधली शिट्टी: अर्थिंगची की डायनामोची?

गेल्या उन्हाळ्यात डिक्कीत अँप्लिफायर आणि वूफर बसवून घेतला. दुकानातून गाडी काढली, सोलापुरात सात रस्त्यापर्यंत आलो, सिग्नलला थांबलो तेव्हा सगळं झकास वाजत होतं. सिग्नल सुटला, पाय दाबला आणि स्पीकरमधून 'ईंऽऽऽ' करत एक बारीक शिट्टी चढत गेली. पाय काढला की उतरली. होटगी रोडला लागेपर्यंत गाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे शिट्टीच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला. "डायनामो गेलाय की अण्णा. रेस दिल्यावर वाजतंय म्हणजे डायनामोच." मला पटलं. डायोड प्लेट (डायनामोतली वीज एका दिशेची करणारा भाग) बदलली, पैसे मोजले, आणि घरी येताना शिट्टी जशीच्या तशी माझ्यासोबत.

त्याचं निम्मं बरोबर होतं, हे मला पुढे कळलं. शिट्टी डायनामोतूनच जन्मते. पण धडधाकट डायनामोतूनही ती जन्मते! प्रश्न असतो तो, ती स्पीकरपर्यंत का पोचली हा. त्याची उत्तरं दोन: एक तर डायनामो खरंच बिघडलाय आणि नको तेवढा गोंगाट करतोय, किंवा डायनामो ठणठणीत आहे पण अर्थिंग (निगेटिव्हची गाडीच्या बॉडीला केलेली जोडणी) चुकल्यामुळे त्याच्या नेहमीच्या कुजबुजीला गाण्यात शिरायला वाट मिळाली आहे. कानाला दोन्ही जवळपास सारखंच लागतं. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आधी ती शिट्टी येते कुठून ते बघू. गॅरेजमध्ये आपण डायनामो म्हणतो तो खरं तर अल्टरनेटर. आत तीन फेजची एसी (दिशा बदलत राहणारी वीज) तयार होते आणि सहा डायोड तिची डीसी (एकाच दिशेची वीज) करतात. पण ती बॅटरीसारखी सपाट डीसी नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतातच. बहुतेक अल्टरनेटरच्या रोटरला (फिरणाऱ्या चुंबकाच्या भागाला) 12 पोल असतात, म्हणजे सहा जोड्या. इंजिन 800 आरपीएमला आयडलिंग करतंय आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट फिरतोय असं धरा: 2000 आरपीएम, सेकंदाला साधारण 33 फेरे, सहा जोड्यांचे 200 हर्ट्झ. एका आवर्तनात सहा डायोडांच्या सहा लाटा, म्हणजे 1200 हर्ट्झ. इंजिन 2500 ला नेलं की हाच आकडा 3750 होतो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण 2000 ते 5000 हर्ट्झमध्ये. म्हणून काही मिलिव्होल्टची लाटसुद्धा कानात टोचते.

आता अर्थिंगकडे येऊ, कारण माझ्या अनुभवात दहातल्या बहुतेक गाड्यांचं दुखणं इथेच निघतं. गाडीत निगेटिव्हची वेगळी वायर सगळीकडे ओढत नाहीत, बॉडीच निगेटिव्ह. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे, अँपचा अर्थ मागे डिक्कीत. पत्रा एकच आहे, मग दोन्ही ठिकाणी शून्य व्होल्टच असणार, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पत्र्यालाही थोडा रेझिस्टन्स असतो, पत्र्यांच्या सांध्यांना त्याहून जास्त, आणि रंगावर घट्ट केलेल्या बोल्टला तर विचारूच नका. दोन अर्थांच्या मध्ये एक मिलिओहम जरी असला आणि तिथून 10 अँपिअर करंट गेला, तरी 10 मिलिव्होल्टचा फरक पडतो. या दोन अर्थांना जोडणारी आणखी एक वाट आहे: डेकमधून अँपकडे गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलचं बाहेरचं जाळीचं आवरण. करंट त्याही वाटेनं जातो, आणि तेच आवरण गाण्याच्या सिग्नलचं निगेटिव्ह असल्यामुळे डायनामोच्या लाटा थेट गाण्यात मिसळतात. डेकमधून 2 व्होल्टचा सिग्नल येतोय असं धरलं तरी 10 मिलिव्होल्टचा गोंगाट त्याच्या फक्त 46 डेसिबल खाली असतो. गाणं थांबलं की स्पष्ट ऐकू येणार.

माझा मेहुणा पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये वायरिंगची कामं करतो. दिवसभर मागांच्या खडखडाटात असतो, तरी त्याचा कान माझ्यापेक्षा तयार. रविवारी मीटर घेऊन आला. म्हणाला, "दाजी, प्लेट बदलायच्या आधी मला फोन करायचा की." मग त्यानं एकेक करून मला दाखवलं.

पहिल्यांदा गाडी चालू ठेवून व्हॉल्यूम शून्यावर आणला. शिट्टी तेवढीच. म्हणजे ती व्हॉल्यूमच्या बटणानंतर शिरते, डेक आणि अँपच्या मध्ये किंवा खुद्द अँपमध्ये. व्हॉल्यूमबरोबर शिट्टीही वाढत असती, तर ती बटणाच्या आधी शिरतेय असं धरलं असतं. मग गाडी बंद केली, अँपमधून आरसीएच्या दोन्ही पिना काढल्या आणि पुन्हा स्टार्ट केली. एकदम शांत. म्हणजे अँप आपल्या पॉवरच्या वायरीतून काही ओढून घेत नव्हता, जे येत होतं ते पिनेतून येत होतं. (पिना काढायच्या-घालायच्या त्या सगळं बंद करूनच. काही डेकमध्ये आरसीएच्या निगेटिव्हला आत केसाएवढा फ्यूज असतो. तो एकदा उडाला की कायमची शिट्टी लागते आणि कारण काही सापडत नाही. डेकच्या बॉडीपासून आरसीएच्या बाहेरच्या कडीला वायरचा तुकडा लावला आणि शिट्टी गेली, तर हाच फ्यूज गेलाय असं समजा.)

दुसरी तपासणी डायनामोची. बॅटरीवर डीसी बघितलं: गाडी बंद असताना 12.6, चालू असताना 14.2. चार्जिंग व्यवस्थित. मग मीटर एसीवर टाकलं तर गाडी बंद असतानाच 27 व्होल्ट दाखवायला लागलं! मी घाबरलो, तो हसला. स्वस्तातलं पिवळं मीटर एसीच्या रेंजवर डीसीलाच फसतं आणि दुप्पट आकडा फेकतं. म्हणून आधी बंद गाडीवर लावून बघायचं. तिथे शून्याच्या आसपास आलं तरच त्या मीटरवर विश्वास. त्यानं पिशवीतून आपलं चांगलं मीटर काढलं. बंद गाडीवर शून्य. चालू गाडीवर हेडलाइट आणि ब्लोअर लावून 40 मिलिव्होल्ट. चांगला डायनामो 100 च्या आत राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला असता, तर डायोडवर बोट ठेवायला हरकत नव्हती.

इथे एक चकवा आहे. हेडलाइट लावल्यावर शिट्टी वाढली की 'बघा, डायनामोच' असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. पण लोड वाढला की डायनामोला जास्त करंट द्यावा लागतो, लाटा मोठ्या होतात, आणि पत्र्यातून जाणारा करंटही वाढतो. म्हणजे शिट्टी दोन्ही प्रकारांत वाढते. इंजिन बंद करून नुसती चावी ऑन ठेवली तर दोन्हीही प्रकारांत थांबते. या दोन तपासण्यांवरून निवाडा होत नाही. आणि चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून 'डायनामो चेक' करायची जी जुनी खोड आहे, ती आजच्या गाडीत अजिबात नको. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, तर त्यापुढे डायनामोचा खर्च काहीच नाही.

मग डायनामोची शिट्टी ओळखायची कशी? आवाजाच्या जाडीवरून. सहातला एक डायोड गेला की सहा लाटांची सारखी ओळ मोडते, आणि वर जो 200 हर्ट्झचा आकडा आला तो आयडलिंगलाच वर डोकं काढतो. बाईमाणसाच्या बोलण्याची पट्टी साधारण तिथेच असते. त्यामुळे बारीक शिट्टीखाली एक घोगरी घरघर ऐकू येते, तीही रेसबरोबर चढणारी. अर्थिंगची शिट्टी नुसती बारीक असते. शिवाय डायोड गेलेल्या गाडीत आवाज एकटा येत नाही. आयडलिंगला हेडलाइट थरथरतो, चार्जिंगचा दिवा मंद पेटलेला राहतो, आणि डायोड शॉर्ट असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली असते. अँप नसलेल्या गाडीत, नुसत्या डेकवर एफएम लावलं तरी शिट्टी येत असेल, तर डायनामोवर संशय घ्यायला जागा आहे. माझ्याकडे यातलं एकही लक्षण नव्हतं. डायोड प्लेटचे पैसे पाण्यात गेले होते.

शेवटी डिक्की. दुपारचं ऊन, आत डोकं घालून दोघं. अँपच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत लांब वायर टाकून मीटर लावलं आणि गाणं मोठ्यानं वाजवलं: 0.7 व्होल्ट. ते 0.1 च्या आत असायला हवं. बोल्ट खोलला तर खाली गाडीचा मूळ रंग, चकचकीत, एक ओरखडाही नाही. वायरचं थिंबल (टोकाची कडी) रंगावरच आवळलं होतं. करंट काय तो बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जात होता. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून पत्रा उघडा केला, जाड वायर घेतली, लांबी दीड फुटाच्या आत ठेवली, आवळली, वरून ग्रीस लावलं. मीटरवर 0.06. गाडी चालू केली, रेस दिली. मेहुण्यानं मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, "गेली की ओ."

एवढं करूनही थोडी शिट्टी उरली, तर आरसीए केबल पॉवरच्या जाड वायरीला चिकटून तर गेली नाही ना ते बघा. एक डाव्या बाजूनं, दुसरी उजव्या बाजूनं न्यायची.

दुकानात दोन वस्तू दाखवतात आणि दोन्हींना 'नॉइज फिल्टर' हेच नाव. एक पॉवरच्या वायरीत बसतो: आत कॉइल आणि कपॅसिटर. तो बॅटरीच्या बाजूनं येणाऱ्या लाटा गाळतो. अर्थिंगच्या शिट्टीला त्याचा उपयोग नाही. दुसरा आरसीएच्या मध्ये बसतो: आत चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, ते सिग्नल जाऊ देतात पण दोन अर्थांची जोडणी तोडतात. तो अर्थिंगच्या शिट्टीवर चालतो, मात्र हलक्या प्रतीचा असला तर खालचा बेस खातो. वूफरसाठी एवढा खर्च करून बेसच घालवायचा, हे मला काही पटत नाही. पॉलिश पेपर स्वस्त पडतो.

रेसबरोबर न बदलणारी एकसारखी 'सस्स' या भांडणात नाहीच. ती अँपचा गेन (आत आलेला सिग्नल किती मोठा करायचा ते बटण) फार वर ठेवल्याची. आणि पेट्रोल गाडीत रेसबरोबर वेग घेणारी 'टक्-टक्' ही स्पार्क प्लगच्या बाजूची. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात.

परवा शेजारचे काका त्यांच्या टुरिस्ट गाडीची हीच तक्रार घेऊन आले. तुळजापूर-अक्कलकोट फेऱ्या, पॅसेंजर कंटाळतात म्हणाले. मी मीटर काढायच्या आधी विचारलं, गाणी कशावरून लावता? मोबाइलवरून, ऑक्सची वायर लावून, आणि मोबाइल लायटरच्या चार्जरवर. चार्जरची पिन उपटली. शिट्टी बंद. चार्जरचा अर्थ एकीकडे, ऑक्सचा दुसरीकडे, आणि मोबाइल मध्ये पूल होऊन बसलेला. काका म्हणाले, "मग आता चार्जिंग कसं करायचं रे?" ब्लूटूथ आहे म्हटलं तर म्हणाले, ते आमच्या डेकला नाही. त्यांच्या ऑक्सच्या वायरीत मात्र तो ट्रान्सफॉर्मरवाला फिल्टर लावून दिला. त्यांना बेस नकोच होता.