छातीवर डाग दिसला की टीबीच, ही सवय कुठनं आली

मिरजेचं नाव दवाखान्यांसाठी निघतं ते काय आजचं नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून जत, आटपाडी, पार बेळगाव-विजापूरकडची माणसं "मिरजेला दाखवून येऊ" म्हणत गाडीत बसतात. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट एवढ्या उशिरा का पोचतात हे बघायचं असेल तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला लागते, आपल्याकडं छातीच्या आजाराची जी काही व्यवस्था उभी राहिली ती सगळी टीबीसाठी.

टीबीवर औषधच नव्हतं त्या काळात. कोरडी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं, एवढाच इलाज. म्हणून पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर सॅनेटोरियम झालं, इकडं सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. पुढं स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आलं, गोळ्या आल्या, नंतर डॉट्स (म्हणजे समोर बसवून गोळ्या द्यायची पद्धत), आणि आता तर गावोगावच्या आशाताईंना थुंकीची डबी कशी द्यायची ते पाठ आहे. काम मोठंच झालंय, त्यात वाद नाही.

अडचण पुढं आहे. खोकला, धाप, वजन उतरणं, थुंकीतनं रक्त आणि एक्सरेवर डाग, हे टीबी आणि फुफ्फुसाचा कॅन्सर या दोन्ही आजारांत सारखंच दिसतं, मग थुंकी निगेटिव्ह आली तरी "कोर्स करून बघू" म्हणत गोळ्या चालू होतात, पेशंटला महिनाभर जरा बरं वाटल्यासारखं होतं, घरचे निर्धास्त, आणि डाग काही जात नाही तेव्हा कुठं सीटी स्कॅन निघतो आणि तुकडा तपासायला (बायोप्सीला) जातो. तोवर छातीत पाणी भरलेलं असतं.

कॅन्सरसाठी जायचं कुठं, तर १९४१ पासून एकच उत्तर, परळचं टाटा. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, दादरला उतरायचं, गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. नंतर बार्शीचं हॉस्पिटल झालं (१९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथलीच), मिरजेला सिद्धिविनायक कॅन्सर हॉस्पिटल, कराडला कृष्णा हॉस्पिटल. म्हणजे केमो आणि लाईट (रेडिएशन) जवळ आलं. खर्चाचं ओझं जरा हललं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यभर लागू झाली तेव्हा, २०१७ पासून तीच महात्मा फुले योजना. पण बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतची धावपळ बऱ्याचदा खिशातनंच होते, आणि माझ्या मते खरी गळती तिथंच आहे.

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कॅन्सर धरलेत, फुफ्फुस नाही. त्यालाही कारण आहे म्हणा, जुन्या टीबीचे व्रण एवढ्या लोकांच्या छातीत आहेत की सरसकट सीटी काढले तर निम्मी माणसं उगाच घाबरतील. आणि विडी न ओढणाऱ्या, चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बायकांनाही हा आजार होतो, त्यांच्याकडं संशयानं कोण बघतच नाही. खरंतर अशा पेशंटमध्ये कॅन्सरच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जीनमधला बदल सापडायची शक्यता जास्त, आणि सापडला तर नुसत्या गोळ्यांवर काही वर्षं निघू शकतात.

नवीन बिल्डिंगची गरज मला तरी वाटत नाही. थुंकी निगेटिव्ह, वय चाळिशीच्या पुढं आणि डाग तसाच, असा पेशंट तालुक्याच्या टीबी सेंटरवरनंच थेट सीटीला धाडायचा, आणि पुढच्या महिन्यात तो खरंच गेला का ते आशाताईनं विचारायचं.