टू-ईपीबी उपनगरी विद्युत गाडीची प्रतिकृती

ब्रिटिश रेल्वेच्या दक्षिण विभागात लंडनच्या उपनगरी मार्गांवर धावणाऱ्या दोन डब्यांच्या विद्युत गाडीची प्रमाणबद्ध छोटी आवृत्ती. ‘ईपीबी’ ही अक्षरे विद्युत-वायवीय ब्रेकची आहेत आणि आधीचा आकडा गाडीत किती डबे आहेत ते सांगतो. दक्षिणेकडच्या या रेल्वेने आपल्या विद्युत गाड्यांना अशीच त्रोटक नावे दिली होती : ‘सब’ म्हणजे उपनगरी, ‘बिल’ म्हणजे दोन्ही डब्यांत स्वच्छतागृह असलेली, ‘हॅल’ म्हणजे निम्म्या गाडीतच ती सोय असलेली, तर ‘नॉल’ म्हणजे मुळीच नसलेली. प्रतिकृती जमवणारे आजही गाड्यांना याच नावांनी ओळखतात.

मूळ गाडी 1953 ते 1956 या काळात ईस्टली येथील कारखान्यात बांधली गेली. एक मोटर डबा आणि मोटर नसलेला दुसरा डबा अशी तिची रचना होती. मोटर डब्याच्या एका चाकगाड्यात प्रत्येकी 250 अश्वशक्तीच्या दोन मोटरी असत. (मराठीत ‘बोगी’ म्हटले की अख्खा डबा डोळ्यांसमोर येतो, रेल्वेच्या तांत्रिक भाषेत मात्र डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्याला बोगी म्हणतात, म्हणून येथे चाकगाडा हा शब्द वापरला आहे.) लंडनच्या आग्नेयेकडील मार्गांवरची गर्दी आठ डब्यांत मावेनाशी झाली, तेव्हा फलाट लांबवून दहा डब्यांच्या गाड्या सोडण्यात आल्या, आणि चार-चार डब्यांच्या दोन गाड्यांना हे वाढीव दोन डबे जोडले जाऊ लागले. अशाच 15 गाड्या इंग्लंडच्या ईशान्येकडील साउथ शील्ड्स मार्गासाठीही बांधल्या होत्या. 1963 मध्ये तेथील विद्युत वाहतूक बंद झाल्यावर त्या दक्षिणेत आणल्या गेल्या. ईपीबी गाड्यांची सेवा 1995 पर्यंत चालली.

प्रतिकृतीसाठी ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेले माप ‘डबल ओ’ हे आहे. त्यात एका फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे 1:76.2 हे प्रमाण धरतात. मूळ डब्याची 63 फूट 6 इंच लांबी या हिशेबाने 254 मिलिमीटर होते आणि संपूर्ण गाडी अर्ध्या मीटरहून थोडी लांब भरते. घरातल्या फळीवर एवढीशी जागा असणाऱ्यांना ही गाडी प्रिय का, याचे उत्तर या आकड्यातच आहे. बाष्प इंजिनासह चार-पाच डबे मांडायचे तर दुप्पट-तिप्पट लांबी लागते. शिवाय शेवटच्या स्थानकात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला नेण्याचा खटाटोप असतो, जो दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेल्या या गाडीला करावा लागत नाही.

मात्र याच मापात एक जुनी तडजोड दडलेली आहे. मूळ रुळांमधील 1435 मिलिमीटर अंतर 1:76.2 प्रमाणात 18.83 मिलिमीटर यायला हवे, पण डबल ओचे रूळ 16.5 मिलिमीटर अंतरावर असतात. ब्रिटिश गाड्या युरोपातील इतर गाड्यांहून अंगाने अरुंद असल्यामुळे त्या काळच्या मोटरी 1:87 प्रमाणाच्या ब्रिटिश प्रतिकृतीत मावत नसत. त्यामुळे डब्याचे माप वाढवले गेले आणि रूळ मात्र 1:87 प्रमाणाचेच ठेवले गेले. परिणामी गाडी समोरून पाहिली की ती रुंद अंगाची आणि पाय जवळ घेतलेली दिसते. ज्यांना हे खपत नाही ते 18.2 किंवा थेट 18.83 मिलिमीटरचे रूळ स्वतः तयार करतात आणि चाके बदलतात. बाकीचे बहुसंख्य लोक गाडी बाजूने पाहतात आणि समाधानी राहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते यात कमीपणा काही नाही.

बाजूने पाहताना नजर ठरते ती दारांवर. या गाडीत प्रत्येक आसनओळीला दोन्ही बाजूंना स्वतंत्र दार होते आणि प्रवासी ते हाताने उघडून धाडकन लावत. प्रत्येक दाराची मूठ, बिजागरी, खाली सरकणारी काच आणि शेजारची धरायची कांब हे सारे साच्यात कोरावे लागते. 1950च्या दशकातील ट्रायअँग या खेळणी-उत्पादकाची आणि 1960च्या दशकाच्या आरंभीची हॉर्नबी-डब्लो या दुसऱ्या उत्पादकाची हिरवी उपनगरी गाडी ही मुळात खेळणी असल्याने त्यांत हे बारकावे ढोबळ होते. बॅकमन कंपनीने 2010च्या दशकात बाजारात आणलेल्या टू-ईपीबीत मात्र ते बारकाईने उतरले आहेत.

गाडीचा चेहराही अर्थपूर्ण आहे. मोटरमनच्या दोन खिडक्यांच्या मध्ये दोन आकड्यांचा मार्गांक असतो, जो गाडी कोणत्या मार्गाने जाणार ते सिग्नलवाल्यांना सांगे. चेहऱ्याच्या पिवळ्या रंगावर मार्गांकाखाली काळा उलटा त्रिकोण असेल, तर ते गार्डचा सामानकक्ष असलेले टोक असे समजावे. दुसऱ्या टोकाला तो कक्ष नाही, हे त्यावरून फलाटावरच्या कर्मचाऱ्यांना आधीच कळे. रंगावरून काळ ठरतो : आरंभी हिरवा, पुढे निळा, नंतर निळा-करडा आणि 1986 नंतर ‘नेटवर्क साउथईस्ट’ या ब्रिटिश रेल्वेच्या प्रवासी विभागाचे लाल-पांढरे-निळे पट्टे. संपूर्ण पिवळ्या चेहऱ्याची निळी गाडी 1955च्या फलाटावर उभी केली, तर जाणकार पाहुणा बोलून दाखवल्याशिवाय राहत नाही.

‘मोटरमन’ हा शब्द मुंबईकराला ओळखीचा वाटेल. दक्षिण विभागातही विद्युत गाडीच्या चालकाला हेच नाव होते. टपाकडे पाहून मात्र तो बुचकळ्यात पडेल, कारण तेथे वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ नाही. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विद्युत गाडी धावली ती डोक्यावरच्या 1,500 व्होल्टच्या तारेवर. लंडनच्या दक्षिणेलाही 1909 पासून काही मार्गांवर अशा तारा होत्या, पण दक्षिण विभागाची पूर्वज असलेल्या सदर्न रेल्वेने त्या काढून वीज पुरवणारा जमिनीलगतचा तिसरा रूळ सर्वत्र स्वीकारला आणि तारेवरची शेवटची गाडी 1929 मध्ये धावली.

हा तिसरा रूळ चालत्या रुळाच्या आतल्या कडेपासून 16 इंच बाहेर आणि 3 इंच उंच असतो. डबल ओ मापात हे अंतर सुमारे 5.3 मिलिमीटर आणि उंची अवघी 1 मिलिमीटर भरते. फलाटाशी तो पलीकडच्या बाजूला घ्यावा लागतो, आणि फाटकाजवळ व गाडी रूळ बदलते त्या सांध्यांवर तोडावा लागतो. प्रतिकृतीला मिळणारी 12 व्होल्टची वीज प्रत्यक्षात दोन चालत्या रुळांतून येते. तिसरा रूळ निव्वळ दिखाऊ असतो आणि मूळ गाडीत त्यातून वीज घेणारे, बाजूला लोंबणारे स्पर्शक प्रतिकृतीत त्याला टेकतही नाहीत. हॉर्नबी-डब्लोच्या जुन्या पद्धतीत वीज खरोखरच तिसऱ्या रुळातून येई, पण तो रूळ होता दोन रुळांच्या मधोमध, जेथे या उपनगरी मार्गांवर तो नसे.