माथेरानची गाडी: आधी शटल की आधी घाट?

नेरळ-माथेरान गाडी बंद पडली, सुरू झाली, पुन्हा बंद पडली, अशा बातम्या गेली वीस वर्षं येत आहेत. त्यांत ‘गाडी सुरू’ असं लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा ती असते फक्त वरच्या टोकाला, अमन लॉज ते माथेरान एवढ्याच तुकड्यावर धावणारी शटल. या दोन्हींत मोठं अंतर आहे, आणि मार्ग तुटला की आधी शटल सुरू करायची की नेरळहून वर चढणारा घाट, हा वाद त्यातूनच उभा राहिला आहे.

जुना भाग थोडक्यात. मुंबईतल्या एका बोहरा उद्योगपती कुटुंबाने 1904 मध्ये काम हाती घेतलं, सुमारे 16 लाख रुपये खर्च केले आणि मार्च 1907 मध्ये दोन फूट अंतराच्या रुळांवरून गाडी वर पोचली. 21 किलोमीटरच्या वाटेत सव्वादोनशेच्या आसपास वळणं आहेत. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे जाताना एक फूट वर. घाटात तीव्र वळणांवर आजही गाडी अगदी हळू नेतात.

एवढ्या वळणांसाठी जर्मनीहून आलेली चार वाफेची इंजिनं पाहण्यासारखी होती. तीन जोड चाकं एका ताठ सांगाड्यात बसवली तर इंजिन अशा वळणावर अडकणार. म्हणून पुढच्या आणि मागच्या आसाला पोकळ नळी बसवली होती. आत भरीव आस, बाहेर नळी, आणि चाकं त्या नळीला. त्यामुळे टोकाची चाकं वळणाप्रमाणे थोडी सरकत, तिरकी होत, आणि तरी जोर तिन्ही जोड्यांना मिळे. उतरताना जबाबदारी ब्रेकमनवर. डब्यांच्या टोकाला उभा राहून, इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर तो हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. एवढ्या उतारावर ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालली, यातच त्या माणसांचं कसब दिसतं.

पन्नासच्या दशकाच्या मध्यात जर्मन डिझेल इंजिनं आली. वाफ लगेच गेली नाही. दोन्ही बरीच वर्षं एकाच रुळावर धावली आणि ऐंशीच्या दशकात रोजच्या फेऱ्यांतून वाफ निघून गेली. पुढे दार्जिलिंगचं एक जुनं इंजिन आणून वाफेच्या फेऱ्यांचा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. अलीकडे डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनासारखं रूप दिलं आहे. फोटो छान येतात, पण मूळ इंजिनांपैकी एक जरी अधूनमधून पेटवता आलं असतं तर या मार्गाचा इतिहास जास्त खरा सांगता आला असता.

आता मुख्य मुद्दा. माथेरानात मोटारींना बंदी आहे. 2003 मध्ये केंद्राने हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरवल्यावर ती आणखी पक्की झाली. नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत येते आणि तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर राहते. नाक्याजवळच अमन लॉज स्टेशन. तेव्हा 2012 पासून अमन लॉज ते माथेरान शटल सुरू झाली आणि लगेच गर्दी खेचू लागली. म्हातारी माणसं, लहान मुलं, सामान, हॉटेलांचा धंदा, सगळ्यांची सोय झाली. तिची गरज कुणी नाकारत नाही.

पण तिथून प्राधान्यक्रम बदलला. 26 जुलै 2005 च्या पावसाने मार्ग उखडला, तेव्हा संपूर्ण घाटच उभा करावा लागला आणि मार्च 2007 मध्ये, शताब्दीच्या तोंडावर, गाडी परतली. मे 2016 मध्ये अमन लॉजजवळ दोनदा डबे घसरले. सगळी सेवा थांबली. एअर ब्रेक बसवल्यावर ऑक्टोबर 2017 मध्ये परत आली ती आधी शटल. नेरळहून गाडी सुटायला जानेवारी 2018 उजाडला. 2019 च्या पावसात पुन्हा तेच. शटल त्याच डिसेंबरात सुरू, घाट मात्र ऑक्टोबर 2022 पर्यंत बंद, तीन वर्षांहून जास्त.

यात रेल्वेची बाजू समजण्यासारखी आहे. घाटात दरडी कोसळतात, रुळाखालची भर वाहून जाते. 2019 नंतर जाळ्यांत दगड भरून भिंती उभारल्या, काँक्रीटचे स्लीपर टाकले, कड्याच्या बाजूला कठडे बसवले. हे काम महिन्यांत उरकणारं नाही. शटलचा तुकडा पठारावरचा, सपाट, दुरुस्तीला सोपा.

तरीही एक गोष्ट लक्षात घेतली जात नाही. इंजिनांची शेड नेरळला, पायथ्याशी. मधला घाट तुटला की वरच्या डब्याला नीट दुरुस्तीसाठी रुळावरून खाली येता येत नाही. म्हणजे शटलसुद्धा घाटाच्या जिवावरच उभी आहे. दुसरं, जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत हा मार्ग आहे तो चढ, वळणं, बोगदा, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या स्टेशनांमुळे. नाक्यापासून बाजारापर्यंतच्या अडीच किलोमीटरसाठी ते नाव कुणी सुचवलं नसतं. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला यांना तो दर्जा मिळून बराच काळ लोटला, माथेरान अजून रांगेत आहे.

शटलची बाजू मुख्यतः वाहतुकीच्या गरजेवर उभी होती, आणि तो आधारही आता हलतो आहे. डिसेंबर 2022 मध्ये माथेरानात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. दस्तुरीहून बाजारात जायला दुसरी सोय उभी राहते आहे. घाटातल्या रुळांना मात्र पर्याय नाही, आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर दुरुस्तीचा पहिला पैसा कुठे जाणार, हे अजून कुणी जाहीरपणे ठरवलेलं नाही.