सर्व्हर कुठेही गेलेला नसतो

दसरा झाला की यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोला भागातल्या जिनिंगवर कापूस यायला लागतो आणि काट्यावर पावत्या फाटू लागतात. गाडी भरलेली एकदा तोलायची, रिकामी झाल्यावर पुन्हा तोलायची, आणि पावतीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, गट नंबर, वजन, प्रत, भाव असे सगळे चढवायचे. रोजच्या पावत्या एकेक करून संगणकात भरताना डेटाबेस, म्हणजे ही माहिती साठवणारा प्रोग्राम, कधी कुरकुर करत नाही. पण शेतकरी उत्पादक कंपनीच्या कचेरीतल्या कुणाला जुन्या हंगामांच्या साठलेल्या पावत्या, समजा 60,000, एका फाइलीतून एकदम चढवायच्या असल्या की पडद्यावर इंग्रजी ओळ उमटते : ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसचा सर्व्हर निघून गेला. मग तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन जातो, “भाऊ, सर्व्हर पयून गेला म्हन्ते हा.” उत्तर ठरलेले असते : बंद करून चालू कर. तसे केले तरी तीच ओळ पुन्हा येते.

सर्व्हर तेव्हाही जागेवरच असतो. एका वेळी किती मोठा मजकूर घ्यायचा याची त्याला एक मर्यादा घालून दिलेली असते. तिचे नाव ‘मॅक्स अलाउड पॅकेट’. मायएसक्यूएलच्या 5.7 आवृत्तीत ती मुळात 4 एमबी होती, 8.0 मध्ये 64 एमबी झाली, आणि कितीही वाढवली तरी 1 जीबीच्या वर जात नाही. मोठा मजकूर येऊ लागला की सर्व्हर तो पूर्ण वाचायच्या आधीच संपर्क तोडतो. पलीकडच्या प्रोग्रामला एवढेच कळते की जोडणी तुटली, आणि तो सर्व्हर गेल्याचे सांगून मोकळा होतो. दोष मजकुराच्या आकारात, तक्रार मात्र सर्व्हरच्या नावाने. माझ्या मते संगणकाच्या जगातल्या सर्वांत दिशाभूल करणाऱ्या संदेशांत याचा नंबर बराच वर लागावा.

मराठी माहितीला ही मर्यादा इंग्रजीपेक्षा लवकर आडवी येते. यूटीएफ-8 या पद्धतीत रोमन अक्षराला 1 बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3. यात काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. ‘विदर्भ’ लिहायला व, वेलांटी, द, र, हलन्त, भ अशी 6 चिन्हे, म्हणजे 18 बाइट. एका पावतीत अशी 120 चिन्हे धरली तर 360 बाइट झाले, आणि 60,000 पावत्यांचे 2 कोटी 16 लाख, म्हणजे 20 एमबीच्या थोडे वर. हीच माहिती रोमन लिपीत 7 एमबीच्या आत बसते. मर्यादा 16 एमबी असलेल्या सर्व्हरवर इंग्रजी फाइल बिनबोभाट चढेल आणि मराठी फाइल अडेल. मग ‘मराठीमुळे प्रॉब्लेम येतो’ असा निष्कर्ष निघतो आणि शेतकऱ्यांची नावे रोमनमध्ये लिहायला सुरुवात होते. गरज नसताना.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे मर्यादा वाढवणे. ती वाढवताना सर्व्हरवर आणि माहिती पाठवणाऱ्या प्रोग्रामवर, दोन्हीकडे वाढवावी लागते. एकीकडेच वाढवली तर काही उपयोग होत नाही. पण मला हा उपाय फारसा पटत नाही. पुढच्या हंगामात फाइल आणखी वाढणारच. त्यापेक्षा 60,000 ओळींची एकच अगडबंब आज्ञा न पाठवता 500 किंवा 1,000 ओळींचे तुकडे करावेत. आणखी चांगले म्हणजे ‘लोड डेटा’ ही खास आज्ञा वापरावी. ती फाइल थोडी थोडी करून घेते, आणि मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीनुसार ओळी घालणाऱ्या साध्या ‘इन्सर्ट’ आज्ञेपेक्षा साधारण 20 पट वेगाने काम उरकते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये याच कामासाठी ‘कॉपी’ आहे. 8.0 पासून आपल्या संगणकावरची फाइल ‘लोड डेटा’ने पाठवण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते, कारण खोडसाळ सर्व्हर तिचा फायदा घेऊन समोरच्या संगणकावरची भलतीच फाइल मागून घेऊ शकतो. स्वतःच्या सर्व्हरसाठी, काम चालू असेपर्यंत, ती उघडायला हरकत नाही.

आता वेगाचा प्रश्न. ओळी एकेक करून पाठवल्या तर काम रेंगाळते. यात प्रोसेसरची चूक नाही, ती डिस्कची मर्यादा आहे. डेटाबेस ‘नोंद पक्की झाली’ असे तेव्हाच म्हणतो, जेव्हा ती खरोखर डिस्कवर उतरलेली असते. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते, आणि प्रत्येक पक्क्या नोंदीसाठी ढोबळमानाने एका फेऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणजे 60,000 पावत्यांना 500 सेकंद, आठ मिनिटांहून जास्त, आणि तेही दुसरे काहीच काम नसेल तर. हजार-हजार ओळी एकत्र पक्क्या केल्या तर हीच वाट फक्त 60 वेळा पाहावी लागते. एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर, हा खोळंबा कमी होतो, संपत नाही.

एवढी सक्ती कशासाठी? ‘लाईन गेली’ म्हणून. खेड्यापाड्यात हे सांगायला नको. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते आणि फाइल अर्ध्यात असते. अशा वेळी डेटाबेस स्वतःला कसा सावरतो, हा या विषयातला सर्वांत देखणा भाग. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत क्रमाने टिपतो आणि सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर नेतो. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी एका सलग लॉगमध्ये लिहितो; मूळ टेबलात तो नंतर उतरतो. वीज परत आली की सर्व्हर लॉग वाचतो. जे व्यवहार पक्के झाले होते पण टेबलापर्यंत पोचले नव्हते ते पुरे करतो, आणि जे अर्ध्यात तुटले ते मागे घेतो. व्यवहार म्हणजे सगळा किंवा काहीच नाही, या कल्पनेला सैद्धांतिक पाया देण्यात संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचा मोठा वाटा आहे. त्यांना 1998 चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. अपघातानंतर सावरण्याच्या पद्धतीवर ‘एरीज’ नावाने 1992 साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आयबीएममधल्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांचा. मोहन आयआयटी मद्रासचे विद्यार्थी.

मायएसक्यूएलमध्ये टेबले प्रत्यक्ष साठवणारा भाग, म्हणजे इनोडीबी हे इंजिन, आणखी एक काळजी घेते. त्याचे एक पान 16 केबीचे असते, पण डिस्क एका दमात त्याहून लहान तुकडाच खात्रीने लिहू शकते. पान लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धे नवे, अर्धे जुने असे फाटके पान उरेल. म्हणून प्रत्येक पान आधी एका राखीव जागी आणि मग मूळ जागी, असे दोनदा लिहिले जाते. वेग वाढवण्यासाठी हे आणि लॉगचे सक्तीचे लिहिणे बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. लॉगची सक्ती ढिली केली तर वीज जाताना शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी गमावण्याची तयारी ठेवावी लागते. फाइल हाताशी असेल आणि पुन्हा चढवता येणार असेल तर तेवढ्यापुरते चालेल. रोजच्या काट्यावर अजिबात नाही. आणि जुन्या मायआयसॅम प्रकारचे टेबल असेल तर यातले काहीच मिळत नाही : लाईन गेली तेव्हा जेवढ्या ओळी चढल्या तेवढ्या चढल्या. 2010 मध्ये आलेल्या 5.5 आवृत्तीपासून इनोडीबी हाच मूळ पर्याय आहे, पण जुनी टेबले आपोआप बदलत नाहीत.

तुटलेले काम पुन्हा सुरू केले की ‘डुप्लिकेट एन्ट्री’, क्रमांक 1062, येते. तिला घाबरू नये, ती आपली राखणदार आहे. हंगामाचे वर्ष आणि पावती क्रमांक मिळून एकमेव चावी ठरवलेली असेल तर तीच पावती दुसऱ्यांदा चढत नाही. चावीच नसेल तर सर्व्हर मुकाट्याने दुसऱ्यांदा चढवतो आणि कागदावर शेतकऱ्याचा कापूस दुप्पट होतो. ‘इन्सर्ट इग्नोर’ लिहून तक्रार बंद करणारे बरेच भेटतात. ती आज्ञा दुबार ओळीच सोडून देते असे नाही. चुकलेल्या तारखा आणि लांबलेली नावेही ओढूनताणून बसवून टाकते.

सर्व्हर, वीज, डिस्क सगळे ठीक असले तरी फाइलच बिघडलेली असू शकते, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा एक्सेलमध्ये सापडते. गट नंबर 12/3 लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. हे दुखणे आपल्या पटवाऱ्यापुरते नाही. माणसाच्या काही जनुकांची नावे एक्सेल अशीच तारखांत बदलत असे, म्हणून 2020 मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने नावेच बदलली. ‘मार्च1’ या जनुकाचे ‘मार्चएफ1’ झाले. एक्सेल आकड्याचे पहिले 15 अंकच जपते, तेव्हा 16 अंकी बँक खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. 12 अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो, आणि तसाच फाइलीत उतरला तर शेवटचे अंक गेलेच. हे रकाने माहिती भरण्याआधी ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत. नंतर करून हरवलेले अंक परत येत नाहीत.

नावांची गोष्ट आणखी नाजूक. फाइल साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुरात, साठवली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि मूळ अक्षरे कायमची जातात. ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ निवडले तर ती वाचतात. टेबलात प्रश्नचिन्हांऐवजी चिन्हे लावलेली परकी रोमन अक्षरे दिसली तर मात्र हायसे वाटू द्यावे : बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचणाऱ्याची समजूत चुकली आहे, आणि हे सहसा दुरुस्त होते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय काहीच करू नये.

आणि अर्धा र. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी लिहिले जाते. कुठे ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडतात, कुठे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखीच. पण पहिले 21 बाइटचे, दुसरे 24 चे. बाइट पाहून तुलना करणाऱ्या मांडणीत हे दोन वेगळे शेतकरी ठरतात, आणि एकाच माणसाच्या पावत्या दोन खात्यांत विभागल्या जातात. अशा वेळी सर्व्हर कुठलीच चूक दाखवत नाही. चढवण्याआधी सगळी नावे एका तऱ्हेवर आणणे, एवढाच उपाय.

म्हणून फाइल थेट खऱ्या टेबलात ओतू नये. आधी सगळे रकाने मजकूर प्रकारचे असलेल्या कच्च्या टेबलात जसेच्या तसे घ्यावे, तिथे तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करून घ्याव्यात, गावांच्या यादीत नसलेली गावे शोधावीत, आणि मगच पुढे पाठवावे. गावांचे टेबल आधी भरायचे, पावत्यांचे नंतर. उलट केले तर पावतीतले गाव यादीत सापडत नाही आणि 1452 क्रमांकाची चूक येते. फाइल चढवताना सर्व्हरने दिलेल्या इशाऱ्यांची यादी पाहताना 5.7 आवृत्तीत ती फक्त 64 इशारेच साठवते हे लक्षात असू द्यावे, 8.0 मध्ये 1,024.

शेवटी नुसत्या ओळी मोजून भागत नाही. दिवसवार क्विंटलची बेरीज काढून ती काट्याच्या वहीतल्या बेरजेशी ताडून पाहावी, आणि ज्या दिवशी फरक दिसेल त्याच दिवसाच्या पावत्या पुन्हा उघडाव्यात.