बूस्टर ड्राफ्ट : डावपेच आणि पत्त्यांची पारख

बूस्टर ड्राफ्ट हा संग्राह्य पत्त्यांच्या खेळांतला एक प्रकार आहे. यात घरून तयार डेक (खेळायचा गठ्ठा) आणायचा नसतो. बंद पाकिटे (बूस्टर) टेबलावर फोडायची, त्यांतून एकेक पत्ता उचलत उरलेले पाकीट शेजाऱ्याकडे सरकवायचे आणि हाती आलेल्या पत्त्यांतून तिथेच डेक लावून खेळायचे. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ (रिचर्ड गारफील्ड, १९९३) या खेळात हा प्रकार चांगला रुजला, म्हणून या नोंदीतले आकडे आणि उदाहरणे त्याच खेळाची आहेत. बडोद्यातल्या मराठी घरांत वाढलेल्या माणसाला मेंढीकोट ठाऊक असतो. तिथे दश्शी कुणाच्याही हातात गेली तरी तिचे मोल तेच राहते. ड्राफ्टमध्ये एकाच पत्त्याचे मोल उचलीगणिक बदलते, त्यामुळे पारख आधी आणि डावपेच नंतर असे शिकता येत नाही.

मांडणी

पूर्ण टेबल आठ जणांचे असते आणि प्रत्येकाला तीन पाकिटे मिळतात. पहिले पाकीट डावीकडे फिरते, दुसरे उजवीकडे, तिसरे पुन्हा डावीकडे. जुन्या ड्राफ्ट पाकिटात १५ पत्ते असत. फेब्रुवारी २०२४ पासून आलेल्या प्ले बूस्टरमध्ये खेळण्याजोगे १४ असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४२ उचली येतात. डेक किमान ४० पत्त्यांचा लागतो. रूढ प्रमाण १७ लँड (पत्ता खेळायचा खर्च, म्हणजे त्या-त्या रंगाचा मॅना, देणारे पत्ते) आणि २३ इतर पत्ते, त्यांत १५ ते १७ क्रीचर (हल्ला करणारे आणि हल्ला अडवणारे प्राणी). साध्या लँड पाकिटातून मिळवाव्या लागत नाहीत. त्या सामाईक डब्यातून हव्या तितक्या घेता येतात. उचल करायला साधारण ४० मिनिटे, डेक लावायला अर्धा तास आणि ५० मिनिटांच्या तीन फेऱ्या धरल्या, तर अख्खी दुपार जाते.

१७ हा आकडा हवेतून आलेला नाही. ४० पैकी १७ लँड असतील तर पहिल्या सात पत्त्यांत दोन ते चार लँड येण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के असते. एक किंवा शून्य लँडचा हात सुमारे १०.५ टक्के वेळा येतो, पाच किंवा अधिक लँडचा १० टक्के. दोन्ही बाजूंचा धोका जवळपास सारखा राहतो, म्हणून हा आकडा टिकला. ‘मॅजिक अरेना’ या संगणकी आवृत्तीवर एका डावाच्या सामन्यात सुरुवातीचा हात संगणक थोडा सावरून देतो. त्यामुळे तिथे १६ लँडवर निभावते आणि त्या सवयीने कागदी पत्त्यांवर खेळणारा पहिल्याच संध्याकाळी अडकतो.

पारख

किंमत आणि परिणाम यांचा मेळ बघणे ही पहिली पायरी. १९९३ च्या पहिल्या संचातले पाच पत्ते यासाठी आदर्श आहेत. पाचही एका मॅनाचे आणि पाचही ‘तीन’ या आकड्यावर बेतलेले. ‘लाइटनिंग बोल्ट’ तीन इजा करतो, ‘जायंट ग्रोथ’ एका क्रीचरला त्या खेपेपुरते (पाळीपुरते) +३/+३ (ताकद/तग) देतो, ‘डार्क रिच्युअल’ तीन काळे मॅना देतो, ‘हीलिंग साल्व्ह’ तीन प्राण परत देतो किंवा तीन इजा अडवतो आणि ‘ॲन्सेस्ट्रल रिकॉल’ तीन पत्ते देतो. छापील तोल अगदी सारखा, पण शेवटचा पत्ता आज व्हिंटेज या घरून डेक आणायच्या प्रकारात डेकमागे एकच चालतो आणि तशाच लेगसी प्रकारात त्यावर बंदी आहे. ड्राफ्टमध्ये बोल्ट पहिल्या दोन उचलींत जाईल. ग्रोथ हा भरतीचा पत्ता. बरा डेक तो एखादाच ठेवतो. रिच्युअलने दोन खेपा पुढे उडी मारता येते, पण त्यासाठी एक पत्ता खर्ची पडतो. साल्व्ह सगळ्यात शेवटी उरतो, कारण मिळालेले प्राण पटावरची परिस्थिती जराही बदलत नाहीत. समोरचे क्रीचर पुढच्या खेपेला तितकीच इजा करायला हजर असते.

क्रीचर पारखताना आधी त्याच्यावरचा मजकूर झाकून नुसते अंग बघावे. दोन मॅनाला २/२ हे जुने परिमाण. चार मॅनाला ३/३ ही एकेकाळची सर्वसाधारण किंमत, आजच्या संचांत ती महाग समजली जाते. मग मजकुराची किंमत लावावी. उडणे हा सर्वांत भरवशाचा गुण, कारण बहुतेक डेकांत उडणाऱ्याला अडवणारे मोजकेच पत्ते असतात. ‘सेरा एंजल’ (पाच मॅना, ४/४, उडणारी, हल्ला करूनही राखणीला मोकळी) त्यामुळेच अनेक संचांत पुन्हा छापूनही ड्राफ्टमध्ये जोरदार राहिली.

दुसरी कसोटी देवाणघेवाणीची : माझा एक पत्ता समोरच्याचे किती पत्ते खातो? ‘मर्डर’ (तीन मॅना, कोणतेही क्रीचर नष्ट) हा एकास एक व्यवहार, तोही आपल्या सोयीच्या वेळी. आपल्या क्रीचरवर चढवायचा ऑरा (क्रीचरला चिकटून त्याचे गुण बदलणारा पत्ता) उलटा पडतो. समोरच्याने एका मर्डरमध्ये क्रीचर मारले की दोन पत्ते जातात. नवशिके ऑराच्या मोठ्या आकड्यांना भुलतात ते इथेच. ‘पॅसिफिझम’ही ऑराच, पण तो समोरच्याच्या क्रीचरवर बसतो, म्हणून त्याला हा नियम लागू होत नाही आणि दोन मॅनात तो उत्तम रिमूव्हल (समोरचे क्रीचर निकामी करणारा पत्ता) ठरतो.

ब्रायन वाँग यांची चार चौकटींची पद्धत अनेक खेळाडू वापरतात. प्रत्येक पत्त्याला चार प्रश्न विचारायचे : सुरुवातीला, बरोबरीत, आपण वर असताना आणि आपण खाली असताना तो काय करील? ‘लानोवार एल्व्ह्ज’ (एक मॅना, मॅना देणारे क्रीचर) पहिल्या खेपेला सोने, दहाव्या खेपेला कागद. ‘डिव्हिनेशन’ (तीन मॅना, दोन पत्ते) बरोबरीत फार चांगला; पण समोरचे तीन क्रीचर अंगावर येत असताना तिसरी खेप त्यात घालवणे म्हणजे अर्धा डाव सोडणे. खाली असताना काहीच न करणारे पत्ते डेकमध्ये चार-पाचांहून अधिक झाले की हरणे ओळीने येते.

‘सेव्हंटीन लँड्स’ या संकेतस्थळावर अरेनाच्या ड्राफ्टचे आकडे मिळतात. त्यातला सर्वाधिक वापरला जाणारा आकडा म्हणजे पत्ता हातात आलेल्या डावांतले जिंकण्याचे प्रमाण. तो वाचताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, नोंद ठेवणारे खेळाडू सरासरीहून सरस असल्याने तळाची रेघ ५० टक्क्यांच्या वर असते. ५४ टक्के हा आकडा तिथे बहुधा मध्यमच असतो. दोन, डेक बहुधा दोन रंगांचा असतो आणि चांगल्या रंगजोडीतला सामान्य पत्ता जोडीच्या पुण्याईवर वर दिसतो. त्यामुळे आकडा त्याच रंगजोडीच्या सरासरीशी ताडावा.

उचलीचे डावपेच

पहिल्या तीन-चार उचलींत रंगाचा विचार न करता ताकद घ्यावी. बॉम्ब (एकट्याने डाव फिरवणारा पत्ता), मग स्वस्त रिमूव्हल, मग उडणारे किंवा अडवायला अवघड क्रीचर, मग साधे चांगले अंग असा क्रम इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ब्रेड’ नावाने प्रसिद्ध आहे. सुरुवातीला तो पुरतो. पुढे त्याचा जाच होतो, कारण त्यात मॅनाच्या खर्चाचा विचारच नाही. दुसऱ्या पाकिटाच्या मध्यावर पाच मॅनाचे चार पत्ते हातात असताना पाचवा घेण्यापेक्षा दोन मॅनाचा सुमार २/२ घेणे शहाणपणाचे. २३ पत्त्यांची चालणारी उतरंड साधारण अशी : एक मॅनाचे २, दोनचे ६, तीनचे ५, चारचे ५, पाचचे ३ आणि त्यावरचे २.

कुठला रंग मोकळा आहे हे शेजारी काय सोडतात त्यावरून कळते. सहाव्या उचलीला मर्डर दिसला तर उजवीकडच्या पाच जणांनी तो सोडला आहे. एका पत्त्यावरून निष्कर्ष काढू नये. त्या पाचांना पाच बॉम्ब मिळाले असतील. सहाव्या, सातव्या आणि आठव्या पाकिटातही काळ्याचे चांगले पत्ते दिसले तर मात्र वळावे. याहून पक्की खूण नवव्या उचलीला मिळते. आपणच फोडलेले पाकीट तेव्हा परत येते. १४ पैकी ६ पत्ते उरलेले असतात आणि गेलेल्या ८ पैकी एक आपण उचललेला असतो. पाकीट पहिल्यांदा सोडताना त्यातले तीन बरे पत्ते लक्षात ठेवावेत आणि परत आल्यावर कुठल्या रंगाचे शिल्लक आहेत ते बघावे. ही सवय लावणारे थोडे, आणि तेच बहुधा शेवटच्या फेरीत दिसतात.

दुसरे पाकीट उलटे फिरते, हे तोंडपाठ असूनही विसरले जाते. पहिल्या पाकिटात आपण डावीकडे चांगला काळा रंग सोडला असेल, तर डावा शेजारी काळ्यात शिरला असणार आणि दुसऱ्या पाकिटात तोच आपल्याला देणार आहे. काळा तेव्हा आटतो. म्हणून पहिल्या पाकिटात काय उचलले याइतकेच काय सोडले हेही मोजावे.

पहिल्या उचलीचा मोह हा सर्वांत महाग दोष. पहिला पत्ता लाल बॉम्ब होता म्हणून लाल न येताही लालला चिकटणारा शेवटी १८ खेळण्याजोग्या पत्त्यांवर डेक लावतो. दुसरे पाकीट संपेपर्यंत दोन रंगांत १४ ते १६ खेळण्याजोगे पत्ते हवेत. कमी असतील तर तिसऱ्या पाकिटात ताकदीपेक्षा भरती बघावी. बाजारात किंमत आहे म्हणून दुर्मिळ पत्ता उचलणे हा वेगळाच प्रकार आहे. त्यात गैर काही नाही, फक्त ती उचल डेकमधून वजा झाली हे मान्य करावे.

तिसरा रंग घ्यायचा की नाही हे गणितावर सोडावे. एकाच बॉम्बसाठी तिसऱ्या रंगाच्या तीन लँड घातल्या, तर आधी खेळणाऱ्याला पाचव्या खेपेपर्यंत (११ पत्ते पाहून) त्यातली एक मिळण्याची शक्यता ६३ टक्के असते. शिवाय मुख्य रंगांच्या लँड घटतात. मर्डरसारख्या दोन काळे मॅना मागणाऱ्या पत्त्याला ९ काळ्या लँडवर ११ पत्त्यांत ७९ टक्के वेळा सोय होते, ८ वर ७२ टक्के. एका लँडने सात टक्के जातात. मॅनाची दोन एकसारखी चिन्हे असलेले पत्ते दोन्ही रंगांत भरले की डेक कागदावर सुंदर दिसतो आणि पटावर तुंबतो.

कमी माणसांचा ड्राफ्ट : बडोद्यातील व्यवहार

बडोद्यात हा खेळ मित्रमंडळींच्या घरगुती वर्तुळांत चालतो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या दिवाणखान्यात आठ जण एकत्र येणे कठीण. नवरात्रात तर रात्री चार मिळाले तरी पुष्कळ. त्यामुळे चार किंवा सहा जणांचे गणित इथे अधिक उपयोगी पडते.

चार जणांत पाकीट पाचव्या उचलीला परत येते, १० पत्ते शिल्लक असताना, आणि पुढे नवव्या व तेराव्या उचलीलाही येते. कोण काय घेतो हे जवळजवळ उघडे पडते. मध्यम पत्ते परतीच्या भरवशावर सोडून देता येतात. मात्र आठ जणांत एखादा साधा पत्ता साधारण दोन प्रतींत दिसतो, तर चार जणांत एकाच. एकाच पत्त्याच्या तीन-चार प्रतींवर उभे राहणारे डेक म्हणून इथे जमत नाहीत. सुटी ताकद आणि रिमूव्हल यांचा भाव चढतो. समोरच्याला मिळू नये म्हणून उचलण्याचेही तसेच. आठ जणांत तीन फेऱ्या असतील तर सोडलेला बॉम्ब ज्याच्या हाती गेला तो आपल्यासमोर येण्याची शक्यता ढोबळमानाने सातात तीन. चार जणांत सगळे सगळ्यांशी खेळतात, तो येणारच. तेव्हा आपल्याला निरुपयोगी असला तरी बॉम्ब उचलावा.

दोघांसाठी विन्स्टन पद्धत चांगली. सहा पाकिटांचा एक गठ्ठा पिसून उपडा ठेवायचा आणि त्यातून एकेका पत्त्याचे तीन उपडे ढीग करायचे. पहिला ढीग पाहावा, हवा असेल तर घ्यावा. नको असेल तर गठ्ठ्यातला एक पत्ता न पाहता त्यावर टाकून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जावे. तिन्ही नाकारले तर गठ्ठ्याचा वरचा पत्ता घ्यावाच लागतो. ढीग घेतला की त्या जागी नवा पत्ता ठेवायचा.

दर वेळी २४ पाकिटे मागवणे खर्चिक असल्याने क्यूब बरा पडतो. निवडलेल्या पत्त्यांचा हा कायमचा संच. ४५ च्या हिशेबाने आठ जणांना ३६० पत्ते लागतात, चौघांना त्यातले १८०. प्रत्येक साध्या लँडच्या ४० प्रती वेगळ्या ठेवल्या की रंगाची टंचाई होत नाही. सगळ्या पत्त्यांना, लँडसह, एकाच रंगाची आणि एकाच वेळी घेतलेली स्लीव्ह (प्लास्टिकचे कव्हर) हवी. जुनी-नवी मिसळली की पाठीवरून लँड ओळखू येते. चमकी असलेले फॉइल पत्ते पावसाळ्याच्या दमटपणात वाकतात आणि गठ्ठ्यात हाताला लागतात, म्हणून ते क्यूबमध्ये घालू नयेत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि उचल चालू असताना पंखा एकवर ठेवावा, नाहीतर उपडी पाकिटे उलटून पुढच्याचे पत्ते दिसतात.