लोगोत तिरंगा असेल, तर ट्रेडमार्कचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

परवा बचत गटाच्या एका ताईंनी लोणच्याच्या बरणीचं लेबल दाखवलं. वर केशरी पट्टा, खाली हिरवा, मधल्या पांढऱ्यावर निळं चक्र आणि चक्रावरच लोणच्याचं नाव. ट्रेडमार्कच्या अर्जाचे ४,५०० रुपये भरून झाले होते. आक्षेप येणार हे त्यांना सांगताना जिवावर आलं.

बोधचिन्हांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या यादीत राष्ट्रध्वज आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही, आणि अशा चिन्हाची नोंदणी ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ अडवतं. ‘आम्ही चक्राचे आरे चोवीसऐवजी सोळा केलेत’ हा बचाव करू नका, भास होईल अशी नक्कलही त्याच कायद्यात येते. नुसता केशरी किंवा हिरवा रंग वापरायला मात्र हरकत नाही.

हा नियम मला मनापासून पटतो. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं हा ध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथचं चक्र आलं. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरचा उजेड, हिरवा म्हणजे मातीशी नातं, असा अर्थ राधाकृष्णन यांनी सांगितला. बरणी रिकामी झाली की ते लेबल कचऱ्यातच जाणार ना? शिवाय ध्वजाच्या चित्रावर काही लिहिणं हा १९७१ च्या कायद्यानं अवमानच ठरतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. अर्ज केल्यावर चिन्हात मोठा बदल करता येत नाही. तिरंगा काढायचा तर नवा अर्ज, नवी फी, आणि आधीच्या अर्जाची तारीख, म्हणजे रांगेतला पहिला नंबरही गेला. हे फॉर्म भरतानाच ठळक अक्षरांत सांगायला काय हरकत आहे?

बाकी कागद साधे आहेत: ओळखपत्र, पत्ता, लोगोची प्रत, वकील असेल तर अधिकारपत्र. लघुउद्योग म्हणून अर्ज करणार असाल तर उद्यम (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र लावा, नाहीतर फी ९,००० होते. अडतं ते जुन्या वापराच्या, म्हणजे ‘हे नाव आधीपासून वापरतोय’ अशा प्रतिज्ञापत्रावर. ‘पाच वर्षांपासून विकतोय’ असं लिहिलंत तर तेवढं जुनं, ब्रँडचं नाव असलेलं बिल लागतं, आणि घरगुती धंद्यात ते बहुतेकांकडे नसतं. ज्या तारखेचं बिल हातात आहे, तीच तारीख टाका.

अर्ज तपासून ट्रेडमार्क कार्यालय मेलवर तपासणी अहवाल पाठवतं, त्याला उत्तर द्यायला एक महिना मिळतो. हा महिना तुम्ही मेल उघडल्यापासून नाही, मेल पाठवल्यापासून मोजतात. म्हणून रोज स्पॅमसुद्धा बघा. उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरता येतं.

ताईंनी आता लेबलवर कैरीची डहाळी काढून घेतली आहे. नवा अर्ज सोमवारी भरतोय.